गोविंदच्या मनगटातले कडे

मी उदगीर स्टेशनावरून बंगळूरला निघालो तेव्हा वडील फलाटावर उभे होते आणि धाकटा भाऊ गोविंद माझी पत्र्याची पेटी डब्यात चढवत होता. वडील एवढेच म्हणाले, "जा. हितलं गोविंद बघंल." गोविंदला कोणी विचारले नाही. मीही नाही.

गावी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठी हे लिहितो. सांत्वन नको आहे.

तिकडे मी आयुष्यभर उपकरणे बनवली. निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून राहिलो. शेवटचे उपकरण तळहातावर मावणारे होते. बोटातले रक्त पट्टीवर घ्यायचे. हृदयाला इजा झाली की रक्तात जे प्रथिन उतरते, त्याला सूक्ष्म चुंबकीय कण चिकटतात आणि आतला सेन्सर ते कण मोजतो. पाव तासात आकडा. प्रत्येक मीटिंगमध्ये मी सांगत असे, की हे माझ्या गावासारख्या गावांसाठी आहे, जिथे लॅब नाही. गावी मात्र मी वर्षातून एकदा जात होतो.

मागच्या हिवाळ्यात अजून चाचणीत असलेले एक यंत्र पिशवीत घालून गावी गेलो. नेण्याची परवानगी नव्हती. तूर काढणीला आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गोविंद रानातून लवकर परतला. छाती जड झाली म्हणाला. सदरा घामाने भिजला होता. मी यंत्र काढले.

"अण्णा, एवढं शिकलात, पर सुई तशीच टोचती," तो म्हणाला.

पट्टी आत सरकवून यंत्र मी त्याच्याच हातात दिले. पाव तास त्याने ते मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवले. आकडा आला, तो शून्याजवळ.

आमच्याकडे धाकट्याची बायको थोरल्या दिराशी समोरून बोलत नाही. भावजय दाराआडून नवऱ्याला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "म्हणावं, उदगीरला दाखवून यावं. दोन दिस झाले, जेवण जाईना."

मीही गोविंदलाच उत्तर दिले. "यंत्रात काही नाही. पित्त असेल. पडून राहा."

"आयकलं का? अण्णा म्हणले," गोविंद दाराकडे पाहून म्हणाला. "आता डोकं खाऊ नको."

उदगीर जीपने अर्ध्या तासावर आहे. दिवस मावळायच्या आत तो घरातच, अंथरुणावर गेला.

तेराव्यानंतर भावजयीने त्याच्या वस्तू ताटात घालून माझ्यापुढे सरकवल्या. चष्मा, अडकित्ता, कडे. मी अडकित्ता उचलला, तर कडे त्याला चिकटून वर आले.

ते कडे मी आधीही पाहिले होते. वातासाठी अर्धे गाव तांब्याचे कडे घालते. त्यातलेच समजलो होतो. याला आतून चुंबकाचे मणी बसवले होते. कुठले, असे विचारले. ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "बाजारातलं. बीपीला चांगलं हाय म्हणले."

प्रयोगशाळेत, यंत्राजवळ चुंबक नको म्हणून, मी रक्त द्यायला येणाऱ्याचे घड्याळसुद्धा उतरवून घेत असे. घरी सख्ख्या भावाचे मनगट तपासले नाही.

बंगळूरला परतून ते कडे यंत्राशेजारी ठेवले आणि धोक्याच्या पातळीचा मुद्दाम तयार केलेला नमुना घातला. शून्याजवळ. कडे दुसऱ्या खोलीत नेले आणि नवी पट्टी लावली. आकडा धोक्याच्या रेषेवर गेला. मी अहवाल लिहिला. यंत्र परवानगीविना नेल्याचेही त्यात लिहिले. मला काम बंद करण्यास सांगण्यात आले. ते योग्यच होते.

मग पुन्हा गावी जाऊन भावजयीला सगळे सांगितले. ती प्रथमच माझ्याकडे पाहून बोलली. "यंत्राचं मला काय कळतंय, अण्णा? न्या म्हणलं होतं मी." मग तिने चहा आणून ठेवला.

पूर्वी बैल घ्यायचा असला तरी मला फोन येत असे. त्या घरात माझा शब्द अखेरचा होता, आणि इतकी वर्षे दूर राहूनही मी त्याला माझे घर म्हणत आलो, ते बहुधा त्याच बळावर. आता फोन येत नाही. मध्यंतरी गोविंदच्या नातीला ताप भरला. भावजयीने कोणालाही न विचारता तिला उदगीरच्या दवाखान्यात नेले. मला ते पंधरा दिवसांनी कळले. पोरगी बरी आहे.