बिस्कुटांच्या डब्यातला बोल्ट

घरवाल्याचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी पोरीला पेज भरवत होते, तो एवढंच म्हणाला, "बाबा गेले गे..." आणि माझी नजर आधी गेली ती फळीवरच्या बिस्कुटांच्या डब्याकडे, देवाशपथ, रडू मागून आलं.

मामा म्हणजे माझे सासरे, इथे पेडण्यात बंदुका दुरुस्त करायचे, लायसन होतं त्यांचं. मी डिचोलीची, सातवीत शाळा सुटलेली, मला त्यातलं काय कळणार, पण एक काम त्यांनी माझ्याकडेच दिलेलं. बंदूक पुरी होईपर्यंत तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस मागून दाबून धरतो तो लोखंडी दांडा, माझ्या स्वयंपाकघरात. "बंदूक माझ्याकडे, बोल्ट तुझ्याकडे. मी 'झाली' म्हणासर कोणाक दिव नको, माझ्या झिलाक पण नको." म्हणजे ते 'झाली' म्हणेपर्यंत कोणालाच नाही, त्यांच्या मुलाला, माझ्या घरवाल्यालाही नाही.

शेवटची बंदूक एका भाटकारानं, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा असलेल्या जमीनदारानं, रानडुकरांसाठी मुद्दाम बनवून घेतलेली. दोरी बांधून लांबून पहिला बार काढला, तर रिकाम्या काडतुसाच्या बुडाजवळ चकचकीत कडं उठलेलं. मामांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ गे सुलू, आत सैल बसता, उडताना ताणता. हय फाटला काय सगळी आग तोंडार." मग दारू नसलेल्या काडतुसाच्या बुडाला कॅलेंडरचे कपटे चिकटवून बोल्ट लावून बघायचे... चार कपटे घातले तरी लागायचा, एवढी फट. नळीचा खांदा थोडा थोडा उतरवत, ती आत आत बसवत, दोन कपट्यांवर आणलं; एका कपट्यालाही बोल्ट अडला, की मग 'झाली'. त्या दुपारी म्हणाले, "उरलेला फाल्यां सकाळी," बोल्ट आणि कपट्यांसकट ते काडतूस डब्यात टाकलं, चहात पाव बुडवला आणि छातीवर हात ठेवून खालीच बसले...

बारावं झालं आणि भाटकाराचा निरोप आला, बंदूक हवी म्हणून. घरवाला म्हणाला, "बोल्ट काढ. बाबांची शेवटची बंदूक, बार मीच घालतलंय."

"अवो, ती झाली नाय."

"नळी बसवलेली दिसता मां! सातवी शिकलेली तू, माका शिकवतंस?"

पोर कडेवर रडत होती, तरी डबा मी पोटाशी धरलेला. म्हटलं, "मामांच्या तोंडातून 'झाली' आला नाय. पोरीक बापूस होयो माका!"

त्यानं डबा ओढूनच घेतला. आत ते काडतूस, बुडाला दोन कपटे, मामांनी लावलेले तसेच. त्यानं ते नळीत घातलं, बोल्ट ढकलला... लागला. जोर पण नाय लागला. तो मग मामांच्या पाटावर बसला, म्हणाला, "कपट्यांसकट लागलो गे..." बोल्ट काढला, डब्यात ठेवला, डबा माझ्या हातात दिला.

बंदूक आता दुसऱ्या कारागिराकडे जायची आहे, तेव्हा बोल्टही जाईल. तोपर्यंत सकाळी चहापत्ती काढायला हात वर गेला की डब्याला लागतो, तेलाचा वास येतो, आणि मी चूल तशीच ठेवून, 'झाली' ऐकू येईल म्हणून मामांच्या कामाच्या खोलीकडे कान लावते... पोर पण माझं बघून गप्प होते.