कुलूपसाहेबांचा लॅपटॉप

माझ्या काकांना ऑफिसात सगळे कुलूपसाहेब म्हणायचे. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात ते एकतीस वर्षं होते. नळाच्या तोट्या, वॉशर, मीटर, पाइपांचे तुकडे, सगळं त्यांच्या ताब्यात. आणि ताब्यात म्हणजे ताब्यातच. कोणी मागणीपत्र घेऊन खिडकीशी आलं की काका आधी कागद वाचायचे, मग माणसाकडे बघायचे, मग शांतपणे विचारायचे, "खरंच लागतंय का?" या प्रश्नापुढे भलेभले फिटर गळपटायचे. तोटीला चिंधी बांधून वेळ मारून न्यायचे, पण पुन्हा खिडकीशी यायचे नाहीत. काका निवृत्त झाले तेव्हा भांडार काठोकाठ भरलेलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शहरातले नळ गळत होते, पण तो वेगळा विभाग.

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी मिळून त्यांना लॅपटॉप दिला. प्रेमाने दिला की सूड म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निवडायला माझी आत्या बरोबर गेली होती. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे, आठ मशीन आणि दहा बायकांचा. तिलाही मापं आणि ऑर्डरी ठेवायला काहीतरी हवंच होतं, म्हणून तिने त्याच दुकानातून तसाच दुसरा स्वतःला घेतला. एका दिवशी एका घरात जुळी आली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी काका खोका न उघडताच त्या दुकानात गेले आणि विचारलं, "हा किती वर्षं टिकेल?"

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. मान न वळवता म्हणाला, "चार-पाच वर्षं. बाकी मग वापरावर आहे."

काकांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं. वापरावर आहे. म्हणजे वापरला नाही तर टिकेल. हिशोब सरळ होता.

त्या दिवसापासून लॅपटॉपला जे दिवस आले ते आमच्या घरात कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. आत्याच्या कारखान्यातून जाड लोकरी कापडाचं कव्हर शिवून आलं, खालून, वरून, बाजूने बंद, फक्त पडदा आणि बटणं दिसतील एवढी जागा ठेवलेलं. लॅपटॉप चालू असतानाही कव्हर अंगावरच, कारण धूळ काही सुट्टी घेत नाही. चार्जर कायमचा लावलेला, कारण बॅटरी वापरली की झिजणार. झाकण उघडायचं ते दोन्ही हातांनी, दोन्ही कोपरे धरून, एखाद्या झोपलेल्या माणसाचं पांघरूण काढावं तसं. आणि लॅपटॉप हवा असेल तर आदल्या दिवशी सांगायचं.

हे सगळं सोसायचं होतं काकूंना. माझी चुलतबहीण, म्हणजे आमची ताई, लग्नानंतर लांब राहते. तिला मुलगा झाला आणि काकूंचा जीव त्या पडद्यात अडकला. फोन होता, पण तो बटणांचा. काचेचा फोन काकांनी 'नाजूक' म्हणून घेऊ दिला नव्हता. तेव्हा रविवारी सकाळी लॅपटॉपवर दहा मिनिटं. काका मागे घड्याळ घेऊन उभे.

"नवव्या मिनिटापासून माझ्या मानेवर श्वास जाणवतो," काकू मला सांगायच्या.

नातू साधारण वर्षाचा असतानाची गोष्ट. रविवार होता. ताई जमिनीवर बसली होती आणि बाळ खुर्ची धरून उभं होतं. ताई म्हणाली, "आई, बघ हं, आज सारखा हात सोडतोय." काकू पुढे सरकल्या. बाळाने खुर्ची सोडली, दोन्ही हात पसरले, उजवा पाय उचलला, आणि काकांनी झाकण मिटलं. दोन्ही हातांनी, दोन्ही कोपरे धरून.

"दहा झाली," काका म्हणाले.

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. पुढचे चार दिवस त्या काकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या, आणि जेवढ्यास म्हणजे "ताट घेतलंय" एवढंच. पाचव्या दिवशी काकांनी मला फोन केला. "तुझी काकू रागावली आहे असं वाटतं," ते म्हणाले. एकतीस वर्षं भांडार सांभाळलेल्या माणसाला हा अंदाज यायला चार दिवस लागले.

त्याच सुमारास लॅपटॉपला काहीतरी व्हायला लागलं. तीन-सव्वातीन वर्षं झाली असतील. बोट फिरवायचा जो चौकोन असतो ना, तो एका बाजूने वर आला. आधी केसभर, मग नखभर. बटणांची मधली रांगही कमानीसारखी दिसायला लागली. काकांनी कोणाला सांगितलं नाही. मिटून त्यावर शब्दकोश ठेवला, खाली बसेल म्हणून.

आठवड्याने आत्या सहज आली. शब्दकोश बाजूला करून तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "अरे, हा गाभण आहे की काय?"

"ओलाव्याने फुगला असेल," काका म्हणाले.

"ते दार असतं. हा लॅपटॉप आहे. चार्जर काढ आणि उठ. माझाही न्यायचाच आहे, बरोबरच जाऊ."

काकूंनीही चपला घातल्या. कोणी बोलावलं नव्हतं, पण जे काही सांगितलं जाईल ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. गाडी चालवायला मी होतेच.

दुरुस्तीचं दुकान दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे जिन्यात दोन प्रकारची घाबरलेली माणसं भेटायची. दुकानात एक लांब टेबल, त्यावर उघडी यंत्रं, बशीभर स्क्रू, आणि टेबलामागे दुरुस्तीवाली. चाळिशीची, बारीक चणीची, कपाळावर सरकवलेलं भिंग. तिने काकांचा लॅपटॉप हातात घेतला आणि लगेच अलगद खाली ठेवला.

"यावर काही दाबून ठेवलं होतं का?"

"शब्दकोश," काका म्हणाले.

ती स्टूल मागे सरकवून बसली. "काका, आतली बॅटरी फुगलीय. असं दाबलं तर पेट घेऊ शकते. तुम्ही तिच्यावर शब्दकोश ठेवलात."

"एकच खंड ठेवला होता."

तिने हे ऐकून सोडून दिलं. अशी वाक्यं ऐकायची तिला सवय असणार. "चार्जर कधी काढत होता?"

"कधीच नाही," काका जरा ताठ होऊन म्हणाले.

"आणि हे लोकरीचं काय आहे?"

"कव्हर. धूळ जाऊ नये म्हणून."

"हवा कुठून जाते?"

"हवेतच तर धूळ असते," काका म्हणाले.

दुरुस्तीवालीने दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी उघडले. काकांचा आतून इतका स्वच्छ होता की त्यात शस्त्रक्रिया करावी. आणि मधोमध ती बॅटरी, उशीसारखी टम्म. आत्याचा म्हणजे दुसरं टोक. एन्टरच्या जागी कोटाचं मोठं बटण चिकटवलेलं, एक कोपरा चेपलेला, पंख्यात निळ्या धाग्यांची लव इतकी की मोज्यांची जोडी विणून झाली असती. पण तो ठणठणीत चालत होता.

"हा दोनदा टेबलावरून पडलाय," आत्या कौतुकाने म्हणाली. "एकदा चहा सांडला. लगेच बंद केला, उलटा केला आणि तशीच धावत हिच्याकडे आले."

काकांचा चेहरा उतरला. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला नापास करून शेवटच्या बाकावरच्याला बक्षीस द्यावं, तसं झालं होतं. ते हळूच म्हणाले, "मी तर जपत होतो."

"हो, दिसतंय," दुरुस्तीवाली म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "बिजागरी अगदी नवी आहे. लोक एका हाताने ओढतात, दोन-तीन वर्षांत मोडते. तुमची दहा वर्षं हलणार नाही. पण बॅटरी सतत पूर्ण भरलेली ठेवली आणि वर उकडत ठेवली, तर ती न वापरताच म्हातारी होते. तुमच्या बहिणीकडे वीज सारखी जाते, बॅटरी रिकामी होते, भरते. लॅपटॉप लाकडी पट्टीवर असतो, खालून वारा जातो. आणि शिलाई मशीनला तेल घालायच्या दिवशी त्या याच्या जाळीवरूनही ब्रश फिरवतात."

"मशीन आहे ते," आत्या म्हणाली. "त्याला काय वेगळं करायचं?"

"मग जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" काकांनी विचारलं. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं.

"ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा. गादीवर, उशीवर ठेवू नका. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. पुढे हळू झाला तर फेकू नका, आतले एक-दोन भाग बदलले की बरीच वर्षं निघतात. आणि वापरा. रोज वापरलं की बिघाड छोटा असतानाच कळतो."

तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. "दिवसाला किती मिनिटं चालेल?"

"मिनिटं कसली? दिवसभर वापरा."

काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं. मी तिथे होते म्हणून सांगते, ते बघणं काकांना वर्षभर पुरलं असतं.

नवी बॅटरी पडली, कव्हर उतरलं, आणि लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर आला. त्या संध्याकाळी काकूंनी ताईला लावलं आणि म्हणाल्या, "त्याला परत एकदा चालायला लाव गं." पण महिना होत आला होता. नातवाला चालण्यात आता काही रस उरला नव्हता. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि जो धावत सुटला तो चित्राबाहेरच गेला. काका दारात उभे होते. ते आत आले, काकूंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "गेला कुठे?" दोघं रिकाम्या सतरंजीकडे बघत बसले, तो परत येईपर्यंत. तीन वर्षांत काका त्या पडद्यासमोर पहिल्यांदा बसले होते.

बशीतले स्क्रू मात्र काकांच्या डोक्यातून जाईनात. दोन दिवसांनी ते 'सहज' म्हणून दुकानात गेले आणि दुरुस्तीवालीला म्हणाले, "हे असं ठेवलेलं मला बघवत नाही." तिला वाटलं, म्हातारा तासाभरात कंटाळेल. काकांनी लांबीप्रमाणे, जाडीप्रमाणे, बनावटीप्रमाणे सगळे स्क्रू वेगळे केले, डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी केबलींसाठी परत गेले. तेव्हापासून रोज अकरा ते एक ते तिथेच. गिऱ्हाइकांची उलटतपासणीही तेच घेतात. "पलंगावर ठेवून वापरता का?" असं ते अशा सुरात विचारतात की परवा एक वकील कबूल झाला.

अडचण व्हायची ती सामान द्यायची. एकदा एक विद्यार्थिनी आली. पंखा बंद पडलेला, प्रबंध दोन दिवसांत द्यायचा, रडायचीच बाकी होती. त्या बनावटीचा एकच पंखा दुकानात होता आणि तो काकांनी खालच्या खणात 'राखीव' अशी चिठ्ठी लावून ठेवला होता. दुरुस्तीवालीने हात पुढे केला. काका खण उघडून उभे राहिले. "शेवटचाच आहे," ते म्हणाले.

"काका, ही पण शेवटच्याच दिवसांत आलीय."

काकांनी पंखा दिला. दिवसभर त्या रिकाम्या खणाकडे बघत राहिले, पण दिला. मुलगी पुढच्या आठवड्यात पेढे नाही, बिस्किटं नाही, प्रबंधाची एक प्रतच घेऊन आली. काका ती वाचताहेत. विषय गांडुळांचा आहे.

लॅपटॉपला आता सातवं वर्ष चालू आहे. आतली हार्ड डिस्क बदलली, वेग वाढला. गेल्या सुट्टीत मात्र नातू आला आणि त्याने नखाने एक बटण उपटून कुठेतरी टाकलं. खालची रबरी टोपीही गेली. नेमकं ते ल आणि ळ या दोन्ही अक्षरांचं निघालं. नवं बटण काकांनी शोधून आणलंय, बसवायला अर्धा तास लागेल म्हणतात. पण काकू लॅपटॉप अर्धा तासही हातचा सोडायला तयार नाहीत.

ल नसला की मराठीत घडून गेलेलं काही सांगताच येत नाही, हे आमच्या लक्षात नव्हतं. काकू आता ताईला लिहितात, "आम्ही बरे आहोत. बाबा रोज दुकानात जातात. उद्या आत्या येणार. नातू पडतो का? उठतो ना?"

ताईने परवा काळजीने विचारलं, "आई, सगळं आज-उद्याचंच लिहितेस. काल काय झालं ते कधी सांगणार?"

काकूंनी लगेच उत्तर टाइप केलं, "ते आता विचारू नको. तू पुढचं सांग."