कडूमावशीची उसनी जीभ

गल्लीत तिला सगळे कडूमावशी म्हणत. स्वभावाने ती मुळीच कडू नव्हती. उलट बोलायला बसली की समोरच्याचं दूध उतू जाईपर्यंत त्याला उठू देत नसे. कडू होता तो तिचा काढा. डोंगरावरच्या जुन्या झाडांच्या खोडांना कानासारखी चिकटलेली, लाकडाइतकी टणक अळंबी ती स्वतः जाऊन आणायची. ओळख पटली नाही तर बोटसुद्धा लावायची नाही. आणलेली अळंबी वाळवायची, पातळ काप करून भिजत घालायची, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर चढवायची आणि मग दिवसभर राखण करत बसायची. पाण्याने उकळायचं नाही, नुसतं कुजबुजायचं, हा तिचा नियम. काढ्याने काय बरं होतं, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "ते डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे फक्त कडू मिळेल." तरी माणसं बाटल्या घेऊन यायचीच.

पातेलं कधी उतरवायचं ते मात्र घड्याळाला विचारून उपयोग नसे. रानातला माल, एका झाडाचा पटकन अर्क सोडतो, दुसऱ्याचा हट्टी. म्हणून निकाल मावशीच्या जिभेचा. चमचाभर तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि "झाला" म्हणायचं.

त्या वर्षी ती तापाने आजारी पडली आणि बरी होऊन उठली ती जीभ हरवूनच. गोड-खारट जेमतेम कळे, कडू मात्र साफ गेलं. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! काढ्याची चवच न कळणाऱ्या बाईकडून काढा कोण नेईल? आणि पातेलं बंद झालं तर आपण सकाळी उठायचं तरी कशासाठी?

मग तिला नवरा आठवला. तो पुढच्या खोलीत कुलुपं दुरुस्त करत बसायचा. दिवसभरात तो बोलायचा त्यापेक्षा त्याची कुलुपं जास्त वाजायची. लग्नापासून रोज ती त्याला चमचाभर काढा द्यायची, तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचा आणि ती त्यावरून त्याला फैलावर घ्यायची. आता तेच तोंड कामी आलं. नुसती आठी पडली की काढा कच्चा. नाक मुरडलं की होत आला. खांदे कानाला टेकले की उतरवा! गिऱ्हाइकं खूश, मावशी खूश.

पण बायको हल्ली रागवत नाही, चमचा देऊन काळजीने आपल्या तोंडाकडे बघत राहते, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. आजारपणात मन हळवं झालं असेल बिचारीचं, असं त्याने ठरवून टाकलं. यापुढे तोंड वाकडं करायचं नाही! नवऱ्यांना चांगुलपणा सुचतो तोही असा नको तेव्हा.

दुसऱ्या दिवशी चमचा गिळून तो शांत बसला. कच्चा दिसतोय, मावशी म्हणाली, आणि तिने आणखी काप टाकले. पुन्हा चमचा, पुन्हा तोच साधूसारखा चेहरा. आणखी काप. संध्याकाळपर्यंत पातेल्यातलं पाणी डांबरासारखं काळं झालं. शेवटी कंटाळून तिने बाटल्या भरल्या.

पहिली बाटली नेली शिंप्याने. त्याने दारातच घोट घेतला आणि एका पायावर नाचला. "मावशी," आवाज परत आल्यावर तो म्हणाला, "आमचं काही चुकलं का?"

मावशी तडक पुढच्या खोलीत गेली. "अहो, आज काढा कसा लागला?"

"छान," कुलपातून नजर न काढता तो म्हणाला.

"छान? लग्नापासून एकदा तरी छान म्हणालात?"

तो गडबडला. "अगं, तुला बरं वाटावं म्हणून. रोज माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतेस. म्हटलं, किती लागत असेल हिच्या मनाला."

मावशीला आधी हसू फुटलं, मग रडू. "मला कडू कळत नाही हो. तापापासून. तुमच्या तोंडावर चाललं होतं सगळं. आता पातेलं घासून ठेवते. संपलं माझं."

त्याने कानस खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने चमचाभर काढा घेतला, ती नको नको म्हणत असताना प्यायला आणि डोळ्यांतलं पाणी पुसून म्हणाला, "बस इथे. सांगतो."

"काय?"

"आधी काहीच लागत नाही. मग जिभेच्या मुळाशी कडू चढतं. तुझा नेहमीचा तिथेच थांबतो, आणि वर पाणी प्यायलं की ते पाणी गोड लागतं. आजचा थांबतच नाही. पाणी घाल, भरपूर."

इतकं एका दमात बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "पाणी गोड लागतं, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून. नाहीतर रोज घेतला असता का?"

आणि ती इतकी वर्षं समजत होती की तो आपल्या धाकाने पितो! मावशीने पातेल्यात पाणी ओतलं, आच बारीक केली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"ते गोड पाण्याचं," ती म्हणाली, "परत एकदा सांगा ना. सावकाश."