आबांचं प्रेशर उतरलं कसं?

तिचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपुरतं. बाकी सगळीकडे ती हवालदारबाई. हे नाव वर्गातल्या पोरींनी ठेवलं, आणि उगाच नाही ठेवलं. पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलच्या खोलीत पलंगावर निजवलेल्या रबरी पुतळ्याची नाडी बघायला सांगितली, तर बाईंनी आधी पलंगाखाली वाकून पाहिलं. म्हणे, ही हलवतंय कोण? हसून हसून पोरींची पोटं दुखायला लागली, पण हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. जे आपोआप होतं त्यावर तिचा विश्वास नाही, आणि जे गोड बोलून होतं त्यावर तर मुळीच नाही.

स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार? घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढायचा, परत ओढायचं. दूधवाला "ताई, आज दूध एकदम घट्ट आहे" म्हणाला की ते उकळेपर्यंत शेगडीसमोरून हलायचं नाही. नवरा एखाद्या दिवशी लवकर घरी आला तर इतर बायका विचारतील, "बरं नाही का?" ही विचारायची, "काय केलंत?" नवरा बिचारा शीतगृहात मालाची चढउतार बघणारा, डोक्यानंही थंडच. तो म्हणायचा, "काही केलं नाही, म्हणूनच लवकर सोडलं."

ती आधी एका दवाखान्यात आया होती. चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला कुशीवर वळवणं यात बरीच वर्षं गेली, आणि एक दिवस तिनं मनावर घेतलं की आपण नर्स व्हायचं. अर्धवट काही नाही, चांगली विद्यापीठाची डिग्री घेऊन, नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवून. भाचीच्या वयाच्या पोरींबरोबर बाकावर बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? घरात सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "शीक की." सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "या वयात?" एवढंच म्हणाले. दोनच शब्द, पण बाईंनी ते जपून ठेवले, त्यांना खतपाणी घातलं, वाढवले. हा म्हातारा आपल्या वाईटावर आहे, ही गाठ मनात पक्की बसली.

आबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. मुळातच मोजकं बोलणारे, त्यात ही पहिल्या वर्षाला असताना सासूबाई गेल्या, तेव्हापासून बोलणं आणखीच आटलं. प्रेशरचा त्रास जुना. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिलेली, पण घेतली तर घेतली, नाही तर नाही. कुणी आठवण केली की "हो हो" म्हणायचे आणि खिडकीकडे तोंड फिरवायचे.

तर शेवटच्या वर्षाला एक काम असतं. एका घरातला एक आजारी माणूस निवडायचा, काही महिने त्याची काळजी घ्यायची. खाणं, चालणं, औषध समजावून सांगायचं, दर आठवड्याला तपासायचं. शेवटी मार्गदर्शक मॅडम स्वतः त्या घरी येऊन बघणार आणि सही करणार. सही नाही, तर परीक्षा नाही. हवालदारबाईंच्या दृष्टीनं तर सगळंच त्या सहीवर अडलेलं. जुन्या दवाखान्यानं सांगून ठेवलं होतं की नर्सची एक जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो, पण याच खेपेला पास झालीस तर. पुढच्या खेपेपर्यंत कोण थांबतंय?

तिनं हेरून ठेवलेल्या शेजारच्या काकू ऐनवेळी मुलीकडे राहायला गेल्या. आता पेशंट कुठून आणायचा म्हणून ती डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "मी बसतो की."

आबा! आपण होऊन! तिच्या मनात पहिली पाल तिथंच चुकचुकली. पण गरज होती, घेतलं मनावर दगड ठेवून.

पहिले काही आठवडे प्रेशर जे वर होतं ते वरच. ती मीठ कमी करायला सांगायची, आबा मान डोलवायचे. चालायला जा म्हणायची, आबा चपला शोधायचे आणि त्या शोधण्यातच संध्याकाळ काढायचे. आणि मग एका आठवड्यात काय झालं कोण जाणे, प्रेशर उतरलं. पुढच्या आठवड्यात आणखी उतरलं. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. हिनं मशीन उलटंपालटं करून पाहिलं. लिफ्टवाला माणूस, हाताशी स्क्रू ड्रायव्हर, एखादा स्क्रू सैल करायला कितीसा वेळ लागतो? कॉलेजातून दुसरं मशीन मागून आणलं, रात्री उशाशी घेऊन झोपली, सकाळी लावलं. तेच. मग आबांच्या ताटातली आमटी चोरून चाखली. मीठ होतं तेवढंच होतं, उलट जरा जास्तच.

"तुला आनंद कसा होत नाही गं?" नवऱ्यानं विचारलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली.

मुरत होतंच. आबा आता तिच्यासमोर उठायचेच नाहीत. ती खोलीत असेपर्यंत खुर्चीत घट्ट. ती गेली असं वाटलं की हळूच उठायचे, दाराची चौकट धरून जरा थांबायचे आणि मग पाऊल टाकायचे. हे तिनं स्वयंपाकघरातून डोळ्यात तेल घालून पाहिलं. पलंगावर झोपा, तसं पण बघते, असं म्हटलं की "बसूनच घे, बसल्यावर बरं येतं" म्हणायचे. प्रेशरला बसल्यावर बरं येतं म्हणजे काय? तिनं मनाशी हिशोब मांडला. म्हातारा काहीतरी डाव टाकतोय. आकडे आधी छान येऊ द्यायचे आणि मॅडमसमोर आपल्याला तोंडघशी पाडायचं. या वयात शिकायला निघाली होती ना, घे म्हणावं.

तिकडे मॅडमनाही संशय. त्या चष्मा नाकावर घसरवून तिच्या वहीतल्या आकड्यांकडे बघत म्हणाल्या, "फारच गुणी आकडे आहेत तुमचे. मशीनला माहीत आहेत ना हे?"

म्हणजे मी घरी बसून मनानंच लिहिते! हवालदारबाईंचं डोकं असं फिरलं! आयुष्यभर जगावर संशय घेतला, पण आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं लागतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. रस्ताभर पुटपुटत घरी आली.

मॅडम घरी येणार त्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कापूस घ्यायला गेली. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "आबा औषधाला अगदी नियमित झालेत हो! परवाच नवीन पाकीट घेऊन गेले."

तिचा हात पिशवीतच राहिला. महिन्याचं पाकीट तर तिनं स्वतःच नुकतं आणून दिलं होतं. मग परवाचं कशाला? एकदम सगळं लख्ख दिसलं. मशीन नाही, मीठ नाही. म्हातारा गोळ्या खातोय, आणि मोजून खात नाहीये. दुकान ते घर एवढं अंतर तिला संपेना. विचारावं? आत्ताच? घरी पोचली तर मॅडम दारात उभ्या.

मग काय, खुर्ची, पाणी, नमस्कार-चमत्कार. आबा धुतलेला सदरा घालून शहाण्या मुलासारखे बसलेले. मॅडमनी स्वतः पट्टा गुंडाळला, स्वतः हवा भरली, स्वतः ऐकलं. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. "खरंच चांगलं आहे की," त्या म्हणाल्या, "मी उगाच बोलले तुम्हाला." आणि त्यांनी पर्समधून पेन काढलं.

आता सांगा, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? मूग गिळून बसावं. एक सही, की परीक्षा, की नोकरी, की दंडावर नर्सचा बिल्ला. म्हाताऱ्याला काय विचारायचं ते मॅडम गेल्यावर विचारता आलं असतं. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पेनाचं टोपण निघालेलं ती बघत होती. पण या माणसाला खुर्चीतून उठताना चौकट लागते, आणि ते ठाऊक असून आपण सही घेतोय, हे तिच्या गळ्याखाली उतरेना.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "आबा, उभे राहा."

"कशाला? झालं ना सगळं?" आबा गडबडले.

"उभे राहा म्हणते ना."

"सूनबाई, त्यांना सही करू दे की आधी!"

हे वाक्य ऐकून मॅडमचं पेन थांबलं. आबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, उभे राहिले, आणि चेहरा पांढराफटक. चौकट दूर होती. हवालदारबाईंनी झेप घेऊन त्यांना काखेखाली धरलं, हळूच खाली जमिनीवर निजवलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवले आणि पट्टा लावला. प्रेशर कुठल्या कुठे खाली गेलं होतं.

"किती घेतल्या?" तिनं विचारलं.

"तीन."

"रोज?"

"रोज दोन. तपासायच्या दिवशी तीन." आबा छताकडे बघत होते. "तू फोनवर म्हणालीस ना मैत्रिणीला, आबांचं प्रेशर उतरलं नाही तर माझी डिग्री गेली. मग काय करणार? उतरवलं."

मॅडम खाली जमिनीवर बसल्या, आबांची नाडी हातात धरून, आणि जरा रंग परत आल्यावर म्हणाल्या, "अहो आजोबा, प्रेशर उतरण्याला मार्क नसतात. काळजी कशी घेतली त्याला असतात. तुमचं वरच राहिलं असतं तरी चाललं असतं." मग हवालदारबाईंकडे वळल्या. "तुम्हाला शंका होती?"

होती म्हणजे! तिनं सगळं सांगितलं. मशीन बदललं ते, आमटी चाखली ती, चौकट, दुकानदार. आपण किती बारीक लक्ष ठेवलं हे सांगताना तिचा आवाज जरा चढलाच.

"आणि यांना विचारलं कधी?"

"काय?"

"की आबा, काय चाललंय?"

नव्हतं विचारलं. इतक्या महिन्यांत, एकाच घरात राहून, नव्हतं विचारलं. मॅडमनी पेन परत पर्समध्ये टाकलं. आजोबांना आजच डॉक्टरांकडे न्या म्हणाल्या, उभं राहायला लावलंत ते बरोबर केलंत म्हणाल्या, आणि सही मात्र केली नाही. काम पुन्हा पहिल्यापासून. परीक्षा पुढच्या खेपेला.

दवाखान्यातली जागा पंधरवड्यात दुसऱ्या मुलीला गेली. कळलं त्या दिवशी हवालदारबाई मोरीत नळ सोडून रडल्या. मग डोळे पुसून तरातरा आबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला वाटायचं तुम्ही माझ्या वाईटावर आहात."

"तुला कुणाबद्दल वाटत नाही तसं?" आबा म्हणाले.

"‘या वयात’ म्हणाला होतात!"

"म्हणालो असेन. मला काळजी वाटली. जिने चढून दमतेस तू." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "माझ्यापायी गेली ना तुझी नोकरी?"

रागही आला होता आणि भडभडूनही आलं होतं, आणि दोन्ही एकाच माणसासाठी. ती तशीच आत निघून गेली.

डॉक्टरांनी काही दिवस गोळी बंद ठेवून मग पुन्हा रोजची एक सुरू करायला सांगितली. एकच, पण रोज. आबांनी ती घ्यायचं साफ नाकारलं. नवरा समजावून थकला. डॉक्टर रागावले. प्रेशर पुन्हा होतं तिथं चढलं. पेशंट म्हणून कॉलेजात पुन्हा आबांचंच नाव दिलेलं, आणि पेशंट गोळीला हात लावायला तयार नाही. पुन्हा तेच येणार का वाट्याला?

एका दुपारी ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. मशीन आणलं नव्हतं.

"आबा, आधीपासूनच तुम्ही गोळी का टाळत होता?"

आबा खिडकीकडे वळले. ती उठली नाही.

"तुझी सासू कधी गोळी चुकवायची का गं?"

"नाही."

"एकदाही नाही. हातातलं काम टाकून घ्यायची. मला ओरडायची, तुम्ही का घेत नाही म्हणून. मग तीच का गेली?"

उत्तर तिला येत होतं. अशा प्रश्नाला नर्सनं काय म्हणायचं हे शिकवलेलं असतं, परीक्षेत विचारतात, तिला ते तोंडपाठ होतं. तिनं तोंड उघडलं आणि ते बोलवेना.

"मला नाही माहीत, आबा," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत."

आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तिला शेवटचं न्यायला आले होते ना, त्या सगळ्यांना माहीत होतं. वय झालं होतं, वेळ आली होती, सुटली. एकेक जण येऊन सांगून गेला मला." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि हात पुढे केला. "आण ती गोळी. एकच आण."

तिनं एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. आबांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले, पेला खाली ठेवला.

"झालं समाधान?"

तिचे डोळे वाहत होते. ती पुसायच्या भानगडीत पडली नाही.

"आ करा," ती म्हणाली. "जीभ वर उचला."

आबांनी कपाळाला हात लावला, आणि आ केला.