संध्याकाळचा बूट

माझं डावं पाऊल एके काळी इतकं गार असायचं, की उन्हाळ्यात बायको दुधाचं पातेलं त्याच्या शेजारी ठेवायची. दूध नासायचं नाही. खोटं वाटत असेल तर वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये विचारा. पोरं सरबत गार करायला रांग लावायची.

मांडीतली रक्तवाहिनी बुजली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी माझीच एक शीर काढून रक्ताला नवी वाट करून दिली, आणि पाय असा तापला, की त्यावर पापड भाजून घ्यावेत! मी खूश. फक्त तो खाली सोडला की वांग्यासारखा जांभळा व्हायचा आणि टम्म फुगायचा.

तुर्भ्याच्या कारखान्यात मी लेथ मशीनवर होतो. काम उभ्याचं, आणि पायात कंपनीचा जाड बूट सक्तीचा. साहेबांनी बजावलं होतं, "दिवसभर बूट घालता आला तर लेथ. नाहीतर गेटवर स्टूल." मी आणि स्टुलावर!

रात्री पाय उशीवर ठेवला की सकाळी सूज उतरलेली असायची. अशाच एका सकाळी बूट सर्रकन पायात गेला. तो मिरवत मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि पाय खाली सोडून ऑपरेशनची गोष्ट सांगत बसलो. गोष्टीतले डॉक्टर वाढत वाढत डझनभर झाले, तोवर दुपार झाली, आणि बूट निघेना! शेजारी बूट ओढतोय, बायको मला ओढतेय. शेवटी बुटाची नाडीच कापली.

खरे डॉक्टर एकच होते. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तर ते हसले. "इतकी वर्षं रक्त पोचतच नव्हतं, म्हणून पावलातल्या बारीक वाहिन्या सताड उघड्या राहिल्या. उभं राहिल्यावर आवळायचं विसरल्यात. शिकतील हळूहळू. तोवर पाय वर."

"आमच्या बिल्डिंगसारखंच की," बायको म्हणाली. "पाणी नसतं म्हणून नळ उघडे ठेवायचे, आणि आलं की जिन्यावरून धबधबा."

"अगदी तसंच!"

मग काय, कित्येक आठवडे मी संस्थानिकासारखा पाय उशीवर टाकून पडलो. वाहिन्या शिकत होत्या, मी चहा मागत होतो. हळूहळू पाय खाली सोडला तरी जांभळा होईना. तेव्हा एके दिवशी सकाळीच नवी नाडी बांधली आणि दिवसभर बूट घालून वावरलो.

संध्याकाळी बायकोनं पदर खोचला, दात आवळले आणि बुटाला असा हिसका दिला, की तो अलगद सुटला आणि ती बुटासकट मागे तांदळाच्या डब्यावर आदळली. तिथूनच तिनं माझी पावलं निरखली. दोन्ही एका रंगाची.

"अहो, उद्या कामावर जा," ती म्हणाली. "घरी बसून नुसते डॉक्टर वाढवताय."