बांधावरची रेती

आमच्या घरात हळू बोलणारं कोणी नव्हतंच. आई चुलीपुढं बोलली तरी चार घरं पलीकडे कळायचं की आज आमटी खारट झालीय. आणि बाबा ओरडले की खाडीतल्या होडीवरचा माणूस मान वर करून बघायचा. मीही त्यातलीच. भिवंडीत ऑफिसात लागले तेव्हा साहेब म्हणायचे, बाई, तुम्हाला फोन कशाला लागतो, खिडकी उघडा आणि बोला.

आमचं गाव कोन गावाच्या पलीकडे, खाडीला लागून. खाडी आणि आमची शेतं यांच्यामध्ये काय, तर मातीचा एक बांध. बाहेर खारं पाणी, आत आमचा तांबडा भात. भरतीला बाहेरचं पाणी आतल्या भातापेक्षा उंच चढायचं. नवा पाहुणा ते बघून पाय मागे घ्यायचा. आम्ही त्याच बांधावर बसून शेंगा खायचो.

हा बांध कोणा एकाचा नव्हता, गावाचा होता. खेकड्यांनी पोखरला, उधाणानं फोडला, की जे भगदाड पडायचं त्याला खांड म्हणायचे. खांड दिसली की हाळी द्यायची, आणि हाळी कानावर आली की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून बांधावर हजर. लग्नघर असलं तरी, दोन घरांत वर्षानुवर्षांचं भांडण असलं तरी. ओहोटी लागली की खाडीच्या पोटातला काळा चिकट चिखल फावड्यानं विटेसारखा कापायचा, हातोहात पुढे द्यायचा, एक थर चिखल, एक थर पेंढा, आणि वरून सगळ्यांनी पायांनी तुडवायचं. पुढची भरती यायच्या आत सगळं उरकायचं. रेती मात्र खांडीत कधी टाकायची नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. चिखल पाणी अडवतो. रेती पाणी पिते आणि त्याच्याबरोबर निघून जाते.

हाळी देण्याचं काम बाबांचं. त्यासाठीच देवानं तो गळा दिला होता, असं आई म्हणायची.

माझा मोठा भाऊ रेतीच्या धंद्यात गेला. त्याला दोष तरी कसा देणार? ऐंशीच्या त्या वर्षांत मुंबई-ठाण्याला इमारती उठत होत्या आणि आमच्या खाडीच्या तळाशी रेती पडलेली होती. काठावरची निम्मी तरणी पोरं तेच करत होती. होडीतून बांबू तळाशी रोवायचा, त्याला धरून बादली घेऊन खाली बुडी मारायची, आणि भरलेली बादली वर यायची. दादाच्या कानांतून रक्त यायचं. आई तेल कोमट करून कानात घालायची, बाबा तोंड फिरवायचे.

मग एक दिवस ते ओरडले. दादाची होडी काठाला लागत होती, त्याचे सोबती होते, अर्धं गाव होतं. खाडीचा तळ उकरताय, उद्या बांधाचा पायच सरकेल, माझ्या ताटात जेवून माझंच शेत बुडवतोस काय, असं बरंच काही बोलले. आणि शेवटी म्हणाले, परत या घरात पाऊल टाकू नकोस. आमच्याकडे अशी वाक्यं आठवड्यातून एकदा तरी व्हायची. मला म्हणाले असते तर मी चार उलट बोलून भाकरी थापायला बसले असते. पण दादाला ते सगळ्यांसमोर लागलं. तो तसाच मागे फिरला आणि पलीकडच्या काठावर रेतीवाल्यांच्या झोपडीत राहू लागला.

पुढं तो सणावाराला यायला लागला, पण बाबांनी त्याच्यापुरता आवाजच बदलला. 'चहा घेतलास? तिकडं पाऊस हाय?' असं, लांबच्या पाहुण्याला विचारावं तसं. तो ओट्यावर बसायचा, हो-नाही करायचा, निघून जायचा. तो गेला की बाबा आमच्यावर दुप्पट ओरडायचे. आम्हाला ते ओरडणं चालत होतं. दादाशी बोलतानाचा तो मऊ आवाज ऐकून मात्र जीव घाबरायचा.

नव्वदीत खाडीत बुड्या मारणाऱ्यांच्या जागी रेती ओढणारे पंप आले. खाडी खोल होत गेली आणि बांधाचा पाय खरंच सरकायला लागला. एका नारळी पुनवेच्या उधाणाला आमच्या शेतासमोरच खांड पडली. मोठी नव्हती. दोन बैल आडवे उभे केले असते तर बुजली असती, एवढीच. बाबांनी हाळी दिली. मी तो आवाज जन्मभर ऐकत आले होते, तो अजून तेवढाच होता. पण ऐकणार कोण? कोणी लूमवर शिफ्टला, कोणी वळ गावच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर, कोणी जमीन विकून मोकळा झालेला. दोन-तीन म्हातारे आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्याच्यानं कितीसा चिखल कापला जाणार? दोन भरत्यांना त्यांनी कसंबसं थोपवलं. पुनव सरली, पाणी कमी चढायला लागलं, एवढाच काय तो दिलासा. आता पिठोरी अमावस्येच्या उधाणाआधी खांड भरली पाहिजे, नाहीतर शेत गेलं.

रविवारी मी घरी होते. बाबांसाठी चहा घेऊन बांधावर गेले, तर खाडीतून दादाची होडी येताना दिसली. हाळी गावाला ऐकू आली नव्हती, त्याला पलीकडच्या काठावर ऐकू आली होती. होडीत रेतीनं भरलेली पोती होती, वळच्या गोडाऊनमधून आणलेली. दोन सोबती मागे फावडी मांडीवर घेऊन बसले होते. ते उतरले नाहीत. दादानं एकट्यानं पोती खांद्यावर घेतली आणि खांडीत रचायला लागला. दर पोत्यागणिक तो बाबांकडे बघत होता. बाबा गप्प उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील, आता ओरडतील. बाबांनी फक्त पोत्याचं एक टोक धरलं आणि ते नीट बसवलं. काम झाल्यावर माझ्या हातातला चहा घेऊन त्याला दिला.

तो गेल्यावर मी विचारलं, "बाबा, रेती टिकंल का?"

"न्हाय."

मी चिडलेच. मग सांगितलं का नाही, एवढी मेहनत फुकट, तो काय परका आहे का, असं माझं सुरू झालं. बाबा खाडीकडे बघत होते.

"एकदा बोललो व्हतो," ते म्हणाले. "तवा गेला तो गेला. आता आपल्या पायानं आलाय. शेत जाऊ दे."

पिठोरीच्या उधाणाला पोत्यांतली रेती धुपून गेली आणि खांडीचं खिंडार झालं. पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्यात उभा जळाला. दादा धावत आला. बाबा त्याला म्हणाले, उधाणच मोठं व्हतं, तू काय करणार. आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्यांनी कधी हाळी दिली नाही, कारण अडवायला काही उरलंच नव्हतं. हळूहळू ते आमच्याशीही मऊ बोलायला लागले. आई पदरात तोंड खुपसून रडायची, म्हणायची, एकदा तरी माझ्यावर ओरडा हो.

ते गेले तेव्हा शेतात माणसाच्या उंचीची खारफुटीची तिवरं उगवली होती. भरतीला तिथं मासे शिरायचे. दहाव्याचं आटोपून दादा आणि मी उरलेल्या बांधाच्या टोकावर बसलो होतो. माझ्या पोटात राहिलं नाही. मी सांगून टाकलं, की रेती टिकणार नाही हे बाबांना माहीत होतं.

दादानं बांधाचं एक ढेकूळ उचलून पाण्यात टाकलं. मग म्हणाला, "मला काय माहीत नव्हतं? रोज रेतीतच असतो मी. आता बाबा ओरडतील, चिखल काप म्हणतील, म्हणून ती दोन पोरं फावडी घेऊन बसवली व्हती होडीत. बाबांकडं बघत व्हतो सारखा. तोंडातून शब्द न्हाय काढला त्यांनी."

भरती लागली होती. पाणी तिवरांच्या मुळांतून आत सरकत होतं.

"मला वाटलं, आपण आता घरचे राह्यलो न्हाय," तो म्हणाला. "घरचा असतो तर ओरडले असते ना गं?"