रुखवतातलं तोरण

माझ्या धाकट्या बहिणीला कानात आवाज यायचे. सासरच्यांनी तिला निमोण्याला आमच्या दारात आणून सोडलं, त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्यांनी आवाज कमी झाले, तरी मी तिला चार माणसांत कधी नेलं नाही. नेलं ते एका संस्थेच्या ताईंनी, शिरूरला शिवणवर्गाला. वर्ग संपला तेव्हा तिला मशीन मिळालं.

माझ्या मुलीचं लग्न दौंडकडच्या घरात ठरलं. बहिणीनं रुखवतासाठी तोरण करायला घेतलं. कापडी पोपट, मणी, टिकल्या. दोन महिने ती त्यातच होती. म्हणाली, "पाव्हण्यांच्या मनात भरलं तर मला कामं येतील, दादा."

पाव्हण्यांना तिच्या आजाराचं आम्ही सांगितलंच नव्हतं. मांडवातल्या गोंगाटाचा तुला त्रास होईल, असं म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिला इनामगावला मावशीकडं नेऊन ठेवलं. आमच्याकडं रुखवतातल्या वस्तूंवर करणारीच्या नावाची चिठ्ठी लावतात. तोरणावर मी बायकोचं नाव लिहिलं. "अवो, मला सरळ टीप मारता येत न्हाई," बायको म्हणाली. मी चिठ्ठी बदलली नाही.

विहीणबाई तोरणापाशीच थांबल्या. बायकोला म्हणाल्या, "आमच्या धाकटीच्या लग्नात रुखवत तुम्हीच करायचं बरं का. मी काय दुसरीकडं जात न्हाई." शेतीतून हिला सवड कुठली, असं सांगून मी विषय मोडला.

तिसऱ्या दिवशी बहिणीला आणायला गेलो. पिशवी उचलायच्या आधी तिनं विचारलं, "तोरण बघितलं का कुणी?"

"गर्दीत कुणाचं ध्यान गेलं न्हाई."

पुढं मुलगी माहेरपणाला आली. चिठ्ठीचं तिला काय ठाऊक. तिनं कौतुकानं आत्याला मोबाईलवर रुखवताचे फोटो दाखवले. बहिणीनं बोटांनी फोटो मोठा केला, चिठ्ठी वाचली, मोबाईल परत दिला. त्या दिवसापासून मशीनवर चादर आहे.

संस्थेच्या ताई आल्या, काम का बंद म्हणून विचारू लागल्या. बहीण माझ्याकडं न बघता म्हणाली, "डोळं दुखत्यात."

डोळे तपासून घ्या, असं ताईंनी मला बजावलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी तिला खरोखरच शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. त्यांनी समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यांत खालची, बारीक ओळसुद्धा तिनं न अडखळता वाचली. मी शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो.